तीन लाखांत जुनी गाडी : वॅगनआर घेऊ की स्विफ्ट डिझेल? (चिपळूण)

खडू_फळा
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार. मी चिपळूणला राहते आणि गुहागर रस्त्याच्या आतल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा घरापासून २२ किलोमीटर. इतकी वर्षं एसटी आणि वडापवर निभावलं. पण आता आईला दर महिन्याला कराडला दवाखान्यात न्यावं लागतं. ती ६९ वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेत. एसटीची पायरी तिला चढवत नाही. भाड्याची गाडी केली की एका खेपेला साडेतीन-चार हजार जातात, शिवाय ड्रायव्हर घाईवर असतो आणि डॉक्टरांकडे नंबर कधी लागेल याचा नेम नसतो.

पतपेढीचं अडीच लाख कर्ज मंजूर झालंय, पन्नास हजार माझे साठवलेले आहेत. म्हणजे सगळं मिळून तीन लाख. यात नावावर करणं, विमा, सगळं बसायला हवं. याच्या वर एक रुपयाही नाही, कारण हप्ता पगारातून परस्पर कापला जाणार आहे.

दोन गाड्या बघितल्यात.

पहिली वॅगनआर व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१६ ची, एमएच ०८ पासिंग. घड्याळात ५२ हजार. सेकंड ओनर, इथेच चिपळुणात आहे. २ लाख ८५ सांगतायत, थोडं कमी करतील. आतून गाडी अगदी नवी वाटते. सीट कव्हर नवे, खालचं मॅटिंग नवं, आत सुगंधही छान येतो. मालक सज्जन वाटले. सर्व्हिसचं पुस्तक मात्र घर बदलताना हरवलं म्हणाले.

दुसरी स्विफ्ट व्हीडीआय, डिझेल, २०१३ ची, पुण्यात आहे. ९८ हजार किलोमीटर, २ लाख ६०. माझ्या मेव्हण्यांच्या ओळखीतली. ते म्हणतात डिझेल घे, घाटात ताकद लागते.

माझं लायसन्स जुनं आहे. भावाची गाडी दोन वर्षं चालवलीय, कुंभार्ली घाटही चढवलाय. पण इंजिनातलं मला काही कळत नाही. वॅगनआरवाले म्हणतात उद्या-परवा टोकन द्या, अजून दोघे येऊन गेलेत. काय करू?

---

कोथरूड_ते_कोकण
रविवार, रात्री १०.०२

ताई, माझं मत स्विफ्टला. ते १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं, टायमिंग चेन असलेलं. नीट ऑइल बदललेलं असेल तर दोन लाख किलोमीटर सहज जातं. मायलेज विसाच्या आसपास मिळेल.

किंमत करताना एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यामुळे जुन्या गाडीचा मालक अजून त्याआधीचे भाव धरून बसला असेल तर त्याला हे सांगा.

आणि दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी कोणी दाखवली तर भुलू नका. तिकडे जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्यामुळे त्या इकडे येतात. एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, हे सगळं करून स्वस्ताई उरत नाही.

---

जुना_डेपो
सोमवार, सकाळी ६.३५

बाई, टोकन देऊ नका. आज नाही, उद्याही नाही. मी काय लिहितो ते आधी वाचा.

मी एसटीच्या वर्कशॉपला ३१ वर्षं काढली, २०१९ ला रिटायर झालो. चिपळूणचाच आहे. आता ओळखीच्या लोकांना गाडी बघून देतो.

तुम्ही लिहिलंत की सीट कव्हर नवे, मॅटिंग नवं, सुगंध येतो, पुस्तक हरवलं. गाडी २०१६ ची आणि एमएच ०८ ची. या पाच गोष्टी मी एका ओळीत वाचल्या आणि मला २२ जुलै २०२१ चा पूर आठवला. तुम्ही इथल्याच आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाजारपेठ, पेठमाप, मुरादपूर, खेंड, सगळीकडे वाशिष्ठीचं पाणी होतं. पाणी उतरल्यावर पंधरा दिवस आमच्या आळीत मी लोकांच्या इंजिनातून पाणी काढत होतो. एअर फिल्टरचा डबा उघडला की आतून चिखलाचा गोळा पडायचा. ज्यांनी घाबरून पाण्यातच स्टार्टर मारला त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले. त्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुतल्या, वाळवल्या, कव्हरं चढवली आणि विकल्या गेल्या. काही लांब गेल्या, काही इथेच फिरतायत.

ही गाडी त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही. बघितल्याशिवाय कोणाच्या मालाला नाव ठेवू नये. पण बघितल्याशिवाय घेऊही नये.

माझ्या मुलीच्या बाबतीत मी हे केलं नाही. २०२२ ला ती पनवेलला होती, एका डीलरकडे गाडी बघितली, २०१८ ची, बाजारभावापेक्षा साठ हजाराने कमी. मला फोन केला. मी विचारलं कुठलं मॉडेल, तिने सांगितलं, मी म्हटलं मॉडेल उत्तम आहे, घे. चौथ्या महिन्यात डाव्या बाजूची काच खाली जाईना. मग हॉर्न आपोआप वाजायला लागला. मग एका रात्री वडखळच्या पुढे गाडी चालता चालता बंद पडली, पाठीमागे ट्रेलर, गाडीत तिचं दीड वर्षांचं मूल. ती गाडी मी इथे आणून ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं. कार्पेटखाली नमदा असतो, जाड गादीसारखा. त्यात लाल गाळ वाळून पापडासारखा बसला होता. गाडीचा पहिला मालक महाडचा निघाला, तिथेही त्याच पुराचं पाणी होतं. डीलरने हात वर केले. मी मॉडेल बघितलं होतं, गाडी बघितली नव्हती. त्यानंतर मी कोणालाच फोनवर "घे" म्हणत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. तुम्हाला इंजिनातलं कळायची गरज नाही. डोळे, नाक आणि एक टॉर्च पुरे.

न सांगता सकाळी लवकर जा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर त्यांनी तुमच्याआधी कोणासाठी तरी चालू केली असेल, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिनच खरं बोलतं, गरम झालं की बरेच आवाज दबतात.

मग चालू करायच्या आधी आत बसा. सीटबेल्ट पूर्ण ओढा, अगदी शेवटपर्यंत, अडेपर्यंत. बेल्टची रीळ खाली पिलरच्या पोटात असते. धुणारा माणूस बाहेरचा पट्टा धुतो, रिळात गुंडाळलेला भाग राहून जातो. तिथे पिवळट-तपकिरी रेष दिसते, हाताला भरभरीत लागते. सगळे पट्टे ओढा. आणि पट्टा नवा कोरा असला तरी विचारा की का बदलला.

पुढची सीट पूर्ण मागे सारा, खाली टॉर्च मारा. सीटची पट्टी आणि तिचे बोल्ट बघा. नेहमीच्या वापराच्या गाडीत तिथे धूळ असते, गंज नसतो. ब्रेक-क्लचच्या पॅडलच्या वरचा भाग बघा, वाकून बघावं लागेल. डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढा आणि त्या खोबणीत कोपऱ्यात बोट फिरवा. मॅटिंग एका कोपऱ्यातून उचलू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तिथूनच परत या.

डॅशबोर्डच्या खाली वायरिंगचे कनेक्टर असतात. त्यांच्या तोंडाशी हिरवी-पांढरी पूड दिसली तर तो पाण्याचाच मार आहे. वायरिंग लगेच मरत नाही, वर्ष-दोन वर्षांनी एकेक करत मरते. म्हणून पाण्यातली गाडी मी कितीही स्वस्त असली तरी घेऊ देत नाही. इंजिन उतरवून बांधता येतं. वायरिंग उभं आयुष्य छळतं, आणि ते कुंभार्लीत आई शेजारी बसलेली असताना छळलं तर काय कराल?

यातून गाडी सुटली तर पुढचं. चालू करा, कोणाला तरी मागे उभं करा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. पांढरा धूर थंडीत क्षणभर येतो, तो सोडून द्या, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर हेड गॅस्केट गेलंय. ऑइलचं झाकण काढा, आतून ताकासारखा पांढरा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी. चालू इंजिनवर डिपस्टिक जराशी वर ओढली की तिथून भकाभका हवा आली तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन थकलं. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं, गरम असताना कधीच नाही. आत रंगीत कूलंट हवा, तांबूस पाणी नको.

क्लच बघायचा तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, हळू क्लच सोडा. इंजिन बंद पडायला हवं. नाही पडलं तर क्लच प्लेट घसरतेय, आणि घाटात पहिली तीच जळते.

अपघाताचं म्हणाल तर दरवाजाचं रबर ओढून काढा. आत पत्र्यावर गोल गोल ठिपके दिसतात, कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे. सगळ्या दरवाजांना सारखे हवेत. पिलर कापून जोडला असेल तर ठिपक्यांच्या जागी ग्राइंडर मारलेला दिसतो. पुढच्या बाजूला बॉनेटखाली दोन्हीकडचं एप्रन, म्हणजे चाकावरचा आतला पत्रा, बघा, तिथे हातोडीचे वळ किंवा वेगळा रंग असेल तर समोरून ठोकली आहे. नुसता बंपर किंवा दार रंगवलेलं असेल तर त्याला मी दोष मानत नाही. आपल्याकडच्या गल्ल्यांत दार घासणारच.

समुद्राकडची गाडी असली तर खालचा पत्रा. दाराच्या उंबऱ्याखाली स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. ठणठण आवाज हवा. भसभस आला तर खारी हवा आत शिरलीय.

स्विफ्टबद्दल. वरच्या भाऊंनी इंजिनचं सांगितलं ते खरं आहे, इंजिन दणकट आहे. पण तुमचं गणित वेगळं. शाळेचे रोज ४४, वर्षाचे साधारण २२५ दिवस, त्यात कराडच्या १२ खेपा. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरा. डिझेलने वर्षाला सतराएक हजार रुपये वाचतील, हे मी मान्य करतो. पण ती गाडी आत्ता बारा वर्षांची आहे. २०२८ ला तिची पंधरा वर्षं भरतात, मग नव्याने पासिंग, ग्रीन टॅक्स. मधे एक इंजेक्टर गेला, टर्बोने आवाज केला, की वाचवलेलं एका दमात गेलं. आणि आईंचे गुडघे. स्विफ्टमध्ये बसायला खाली वाकावं लागतं, उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. वॅगनआरची सीट उंच आहे, माणूस खुर्चीवर बसतो तसा बसतो. तुम्ही गाडी बरोबर निवडलीत. फक्त नेमकी तीच गाडी बरोबर आहे का, ते बघा.

आणि तीन लाख म्हणजे गाडीला तीन लाख नव्हे. गाडीला दोन सत्तर. बाकीचे तीस हजार बाजूला ठेवा. टायर, बॅटरी, ऑइल, ब्रेक, पहिल्या महिन्यात लागतातच.

---

खडू_फळा
सोमवार, रात्री ८.५०

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. मुलीचं वाचून पोटात गोळा आला. टोकन दिलेलं नाही. उद्या सकाळी सात वाजता भावाला घेऊन जाते.

---

बोजा_उतरवा
सोमवार, रात्री ११.१५

मी साताऱ्याच्या एका बँकेत बारा वर्षं वाहन कर्जाचं काम बघितलं. गाडीचं काकांनी सांगितलं, मी कागदांचं सांगते. गाडी चांगली असून माणूस कागदात अडकलेला मी जास्त वेळा बघितलाय.

विकणाऱ्याचं आधारकार्ड मागा आणि आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीवरचं, नाव जुळतंय का बघा. "सेकंड ओनर" म्हणणारे खूप जण असे असतात की त्यांनी गाडी घेतली पण नावावर केलीच नाही. पहिल्या मालकाच्या सहीचे कोरे टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज, ड्रॉवरमध्ये ठेवलेले असतात आणि तेच पुढे सरकवतात. सही जुळली नाही, पहिला मालक परगावी गेला, किंवा वारला, की तुमचं काम थांबलं. वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हावी लागते, त्याचा फॉर्म ३१ वेगळा. आमच्याकडे एक गृहस्थ दीड वर्ष असे फिरत होते, गाडी दारात आणि कर्जाचा हप्ता चालू.

आरसी कायद्याने ज्याच्या नावावर, मालक तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हेच सांगितलं. गाडी तीन-चार हात पुढे विकली गेली होती, अपघाताची भरपाई मात्र आरटीओच्या दप्तरी नाव असलेल्या मूळ मालकावर आली. म्हणून खरा शहाणा विकणारा स्वतःच नाव बदलायची घाई करतो. जो टाळतो त्याच्यापासून सावध.

नाव बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतात. गाडीवर कर्ज होतं का ते एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. बोजा दिसला तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका. "कर्ज फिटलंय, फक्त नोंद राहिलीय" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. कधी खरं असतं, कधी दोन हप्ते बाकी असतात. दुसऱ्या आरटीओची गाडी घेतलीत तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते का तेही आधी विचारून घ्या.

थकलेली ई-चलनं बघा आणि ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी आहे, एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षित नंबर पाटी, बसवलेली असावी, नाहीतर नाव बदलायचं काम तिथेच अडतं. त्यांचा फास्टॅग त्यांना बंद करायला सांगा.

विमा : गाडी हातात आल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी तुमच्या नावावर घ्या. त्यांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. त्यामुळे थोडा फरक भरावा लागेल, तो आत्ताच धरून ठेवा.

पैसे बँकेतूनच द्या. वीस-पंचवीस हजार आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवायचं कागदावर लिहून घ्या. आणि गाडी ताब्यात घेतली त्या तारखेसह वेळ लिहा, दोघांच्या सह्या. सकाळी अकराला घेतलीत आणि त्यांचं दहाचं चलन असेल तर वाद राहणार नाही.

---

खडू_फळा
मंगळवार, रात्री ९.३०

सकाळी जाऊन आले. सगळं लिहिते, कारण माझ्यासारख्या कोणाला तरी उपयोग होईल.

बॉनेट थंड होतं. मालक दात घासत बाहेर आले, जरा गोंधळले, पण किल्ली दिली. मी ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा ओढला. स्वच्छ होता. प्रवासी बाजूचाही स्वच्छ. मला वाटलं, काका, तुम्ही उगाच घाबरवलंत. मग भावाने मागच्या सीटचा पट्टा ओढला. तो कोणी वापरतच नसावं. ओढत ओढत अडला तिथे शेवटची वीतभर पट्टी वेगळ्याच रंगाची होती, चहाच्या गाळणीसारखी. बोटाने खरवडली तर नखात माती आली. नाकाशी नेली. पाणी उतरल्यावर आमच्या घराच्या भिंतींना जो वास येत होता ना, तोच. चार वर्षांनी तो वास मला असा भेटेल असं वाटलं नव्हतं. मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले.

नंतर स्टेपनीच्या खोबणीत बघितलं, तिथे रंग मारलेला होता, पण बोल्टच्या भोवती लाल वाळलेली माती होतीच.

दुपारी अधिकृत सर्व्हिस सेंटरला मालकांच्याच संमतीने नंबर देऊन जुन्या नोंदी विचारल्या. शेवटची नोंद जून २०२१, ३८ हजार किलोमीटर. त्यापुढे काहीच नाही.

मालकांना मी हे शांतपणे सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी २०२२ ला घेतली तेव्हा अशीच चकाचक होती हो." मला ते खोटं वाटलं नाही. पण गाडी मी घेणार नाही.

आता परत शून्यावर.

---

जुना_डेपो
बुधवार, सकाळी ६.२०

शून्यावर नाही बाई. पावणेतीन लाख वाचवून बसलात.

त्या गृहस्थांना सांगा, मला येऊन भेटा. वायरिंगचे सांधे उघडून साफ करून देतो, निदान त्यांची बायका-पोरं तरी रस्त्यात अडकायला नकोत. तेही माझ्या मुलीसारखेच फसलेत. फक्त पुढे विकताना लपवू नका म्हणावं.

तुम्ही घाटावरची गाडी बघा. कराड, पाटण, उंब्रज. तुम्ही महिन्याला जाताच. एकच मालक, नोकरदार किंवा रिटायर माणूस, नोंदी असलेली गाडी. २०१९ ला कराडातही नदीकाठच्या भागात पाणी आलं होतं, तेव्हा पट्टा तिथेही ओढायचाच. आणि व्हीएक्सआयमध्ये एअरबॅग-एबीएसवाली मिळाली तर तीच घ्या, एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधी ती पर्यायी मिळायची. पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील. मी ज्या गोष्टीला पैसे जास्त द्या म्हणतो ती ही एकच.

---

कोथरूड_ते_कोकण
बुधवार, सकाळी १०.४०

काका, मी माझं मत मागे घेतो. आईंच्या गुडघ्याचा मी विचारच केला नव्हता. ताई, पुण्यातली कुठली गाडी बघायची असली तर सांगा, मी सकाळी लवकर जाऊन पट्टे ओढून येईन.

---

खडू_फळा
२३ दिवसांनी, शनिवार, रात्री १०.०५

गाडी घेतली.

कराडची आहे, वॅगनआर, २०१७ ची, एअरबॅग आणि एबीएस असलेली, ४६ हजार किलोमीटर. एकच मालक, निवृत्त पोस्टमास्तर. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी गाडी चालवणं सोडलंय. प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेप्रमाणे फाईलला लावलेलं, अगदी वायपरच्या रबराचंसुद्धा. २ लाख ९५ सांगितले होते.

पट्टे ओढले, सगळे. ते आजोबा विचारत होते, हे काय करताय? मी सांगितलं. त्यांनी मग स्वतः टॉर्च आणून स्टेपनी काढून दाखवली.

आईला दवाखान्यात भावाजवळ बसवून आम्ही गाडी घाटात नेली, पेट्रोल माझं. कुंभार्ली उतरून पोफळीला आलो आणि तिथून एसी लावून परत वर. दुसऱ्या गिअरवर वळणं घेतली. क्लचचा वास नाही, तापल्याचा लाल दिवा नाही, वर येऊन थांबल्यावर पंखा फिरला आणि दोन मिनिटांत बंद झाला. डावीकडे वळताना मात्र पुढून खट्ट असा आवाज येतो. टायरवर ३११७ असा आकडा होता, म्हणजे २०१७ च्या ३१ व्या आठवड्यातले, गाडीबरोबरचेच. रेघा शिल्लक होत्या, पण बाजूला चिरा पडलेल्या. बॅटरीही सुस्त. हे सगळं दाखवून, आणि नव्या गाडीच्या जीएसटीचं सांगून, २ लाख ६८ ला ठरलं. त्यातले वीस हजार आरसी नावावर झाल्यावर द्यायचे, हे त्यांनीच सुचवलं. बोजा नव्हता. चलन एक होतं, पाचशेचं, ते त्यांनी आमच्यासमोर भरलं.

चार टायर १३,६००, बॅटरी ४,२००, ऑइल-फिल्टर-कूलंट मिळून ५,१००. विम्याचा फरक आणि आरटीओचा खर्च धरून हिशेब तीन लाखांच्या आत बसतोय, अडीच-तीन हजार उरतील. आरसीचा अर्ज गेलाय.

येताना आई पुढे बसली. कोयनानगरला चहाला थांबलो तर स्वतः दार उघडून उतरली, मला हाक न मारता.

काका, तो डावीकडचा खट्ट आवाज कसला?

---

जुना_डेपो
रविवार, सकाळी ६.४५

फार चांगलं झालं, बाई. पोस्टमास्तरांच्या फाईलची झेरॉक्स काढून गाडीत ठेवा, मूळ घरी.

आवाज पुढच्या चाकाच्या जोडणीतला, लोअर आर्मच्या बुशचा असेल, नाहीतर लिंक रॉडचा. दोन्ही कामं हजार-दोन हजारातली आहेत, जीवाला धोका नाही, पण तशीच चालवत राहिलात तर नवा टायर एका बाजूने खाईल. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळू पुढे घेताना सलग कटकट येत असेल तर मात्र एक्सल जॉइंट, तो निराळा. तेवढं करून बघा आणि कुठला ते मला सांगा.

नवे टायर टाकलेत तर अलाइनमेंट आत्ता करू नका. आधी बुश, मग अलाइनमेंट, नाहीतर पैसे दोनदा जातील.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन या, पाग नाक्याला पोचलात की इथे निरोप टाका. खड्ड्यावर घेऊन खालून बघतो. आठच्या आत या, आणि येऊन अर्धा तास थांबायची तयारी ठेवा, मला इंजिन थंड झालेलं हवं.